गोठ्यापाशीची तपासणी

आमच्या खोऱ्यात जावई रस्त्याने येत नाही, खिंडीतून येतो. म्हणजे लग्नाआधी, भर हिवाळ्यात, सासऱ्याने त्याला स्कीवरून ग्रेवा खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात न्यायचं, तिथल्या खानावळीत लाकडी वाडग्यातून आपल्या हाताने वाइन पाजायची आणि म्हणायचं, "आता तू आमचा." उरलेलं लग्न मग पाद्रीबुवा लावतात, ते आपलं नावापुरतं. माझ्या नवऱ्याला आमच्या वडिलांनी असंच नेलं होतं. जान-दुरी बिचारा त्या वाडग्यातच ओकला, तरी लग्न झालं आणि चांगलं टिकलं.

माझा भाऊ तुमाश पेशाने वाटाड्या. माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, पण चालतो असा की डोंगर त्याच्या मागून जन्मला. शहरातल्या माणसांना दोराला बांधून शिखरं दाखवायची, हिमलोटाखाली कुणी गाडलं गेलं तर उकरून काढायचं, आणि रस्त्यावरच्या उतारांना सुरुंग लावून बर्फ वेळेआधीच खाली पाडायचा, हे त्याने जन्मभर केलं. त्या सुरुंगांनी त्याचे कान गेले. तो मात्र म्हणतो, हल्ली लोक पुटपुटतात.

सेराइना त्याची एकुलती एक. तिने शोधला तो बेआट, आराउचा. म्हणजे अशा सपाट मुलखातला, की तिथे वर जायचं तर लिफ्ट लागते. आणि हा त्या लिफ्टच तपासतो. दोर झिजलाय का, ब्रेक लागतो का, दार मध्येच उघडतं का, सगळं पाहायचं, आणि एकदा नाही, दोनदा. एकदा नीट चाललं तर तो योगायोगही असू शकतो, असं त्याचं म्हणणं. हे ऐकून तुमाशला इतकं हसू आलं की त्याचा चमचा जवाच्या सूपात बुडाला. पोरगा स्की बरी करायचा, दमही होता अंगात, पण प्रत्येक गोष्टीला त्याचं एक ठरलेलं शेपूट असायचं: "आणि हे बिघडलं तर?"

त्या वर्षीचा बर्फ वाईट होता. नोव्हेंबरात गुडघाभर पडला आणि नंतर कितीतरी आठवडे आभाळ कोरडं ठाक. दिवसा लख्ख ऊन, रात्री हाडं फोडणारी थंडी. अशा थंडीत जमिनीलगतचा जुना बर्फ आतून कुजतो, त्याचे साखरेसारखे सुटे दाणे होतात. मूठ आवळली तरी गोळा होत नाही. मग फेब्रुवारीत वाऱ्याने त्यावर नवा बर्फ आणून थापला. खाली साखर आणि वर लादी. लादीवर चालताना पायाला छान कडक लागतं, म्हणून तर माणूस फसतो. रेडिओवर रोज धोक्याचा आकडा सांगत होते: पाचापैकी तीन. मला विचाराल तर तीन हा आकडाच घातकी. एक-दोन असला की माणूस निवांत असतो, चार-पाच असला की घरात बसतो. तीन ऐकून मात्र प्रत्येकाला वाटतं, हे आपलं इतरांसाठी असेल.

बेआटची रजा संपत आली होती आणि दोन दिवसांत पुन्हा वादळ येणार होतं. तुमाशने ठरवलं, उद्याच निघायचं. "नेसा, तूही चल," तो मला म्हणाला. "उद्या कुणी म्हणायला नको की मी त्याला पाठीवर घेऊन नेला."

गावाबाहेर बार्लाचा गोठा आहे. तिथून रान सुरू होतं, म्हणून निघताना तपासणी तिथेच व्हायची. बर्फाच्या रानात जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीला, कोटाच्या आत, एक लहान यंत्र बांधलेलं असतं. एरवी ते सांगत राहतं: मी इथे आहे, मी इथे आहे. कुणी गाडलं गेलं की वरचे लोक आपापल्या यंत्राची कळ फिरवतात. मग ती यंत्रं सांगायचं सोडून ऐकू लागतात आणि खालच्याचा ठाव लागतो. तपासणीच्या वेळी पुढारी आपलं यंत्र ऐकण्यावर ठेवून उभा राहतो आणि बाकीचे एकेक करून त्याच्यासमोरून जातात. टिकटिक झालं की चला पुढे.

सेराइना गेली. मी गेले. बेआट गेला आणि जाता जाता थांबला.

"आणि काका, तुमचं कोण तपासणार?"

"काय म्हणतोय?" तुमाशने कान पुढे केला.

"काही नाही, बाबा," सेराइना म्हणाली आणि तिने बेआटच्या दंडाला चिमटा काढला.

"विचारतोय, तुझं कोण तपासणार," मी ओरडून सांगितलं.

"माझं? माझं पाद्रीबुवा तपासतात, दर रविवारी."

बार्ला गोठ्याच्या दारात शेण ओढत होती. ती म्हणाली, "जावईबापू, वर जायचं बटण भिंतीवर नाहीये हं. पायानेच चढायचंय." सगळे हसले. बेआटही हसला, पण कानापर्यंत लाल होऊन. त्या हसण्यातच तुमाशने कोटाची चेन वर ओढली आणि चालू लागला. कळ पुन्हा सांगण्यावर फिरवायची राहिली. त्याचं यंत्र जुनं होतं. नवी यंत्रं काही वेळाने आपणहून सांगायला लागतात, ते लागत नसे. त्या घटकेला हे कुणालाच कळलं नाही. पण पुढचं सगळं त्या एका कळीपायी घडलं, म्हणून आधीच सांगून टाकते.

रानातून वर यायला सकाळ गेली. झाडं संपली तिथे आम्ही चहा प्यायलो. वारा नव्हता. तुमाश माझ्या शेजारीच बसला होता आणि मला कुठून तरी बारीक टिकटिक ऐकू आली. मी आजूबाजूच्या खडकांवर पाहिलं.

"हिमचिमणी आहे वाटतं," मी म्हणाले.

"कुठे?" तुमाशने विचारलं.

"ऐक ना. टिक टिक करतेय."

त्याने दोन क्षण ऐकल्यासारखं केलं. "उडाली असेल," तो म्हणाला आणि उठला.

खिंडीच्या खाली कोस्ता नावाचा उतार आहे. दोन्ही बाजूंना खडकाच्या सोंडा आणि मध्ये आडवा पसरलेला पांढराशुभ्र पट्टा, रुंदीला गावातल्या मैदानाएवढा. मधोमध त्याला फुगवटा आहे. तिथे खालचे खडक वर आलेत, त्यामुळे बर्फाचा थर पातळ असतो. नवख्याला वाटतं, थर पातळ तिथे भीती कमी. असतं उलटं. पातळ जागी पायाचा भार थेट खालच्या साखरेपर्यंत पोचतो.

अलीकडच्या सोंडेशी मी फावडं काढून खड्डा खणला. उभा चौकोनी ठोकळा कापला, त्यावर फावड्याचं पातं आडवं ठेवलं आणि वरून थापट्या मारल्या. आधी मनगटातून, मग कोपरातून. कोपरातून मारलेल्या दुसऱ्या थापटीला वरची लादी टेबलाचा खण ओढावा तशी सरकून माझ्या मांडीवर आली. खालून साखर भुरभुरली.

"हे बघ," मी म्हणाले.

तुमाशने वाकून पाहिलं. न पाहता उडवून लावण्यातला तो नाही. साखर बोटात चोळली, लादीची कड दाबली. "एक खड्डा म्हणजे सगळा डोंगर नव्हे," तो म्हणाला.

"नव्हेच. पण हा खड्डा याच डोंगरात आहे."

"काल माणसं गेलीत इथून. माग दिसतोय ना तुला?"

"गेली, ती त्यांच्या नशिबाने गेली. तुमाश, मागे फिरू या. नाहीतर रानाच्या कडेने वळसा घेऊ."

"वळसा घेतला तर अंधार पडेल. आणि जावई वळशाने आणला, हे मी खानावळीत कुठल्या तोंडाने सांगू?"

"बंद तोंडाने सांग. जिवंत माणसाला तेवढं जमतं."

सेराइना मध्ये पडली नाही. तिला बापही हवा होता आणि लग्नही. बेआट खड्ड्याकडे पाहत होता, काहीतरी विचारावंसं त्याला वाटत होतं, पण सकाळचं हसणं त्याच्या अजून अंगात होतं.

"एकेक जण जायचं," तुमाशने शेवटी ठरवून टाकलं. "पुढे मी. फुगवट्याच्या वरून जातो, खडकाला लागून. पलीकडच्या सोंडेवर पोचून हात वर केला की दुसरा. तोवर इथून कुणी हलायचं नाही. नेसा, तुला नसेल यायचं तर परत जा आणि अक्रोडाचा केक भाजून ठेव."

मला राग आला होता. पण रागावून मी परत गेले असते तर ते तिघे गेलेच असते, आणि खणायला एक हात कमी पडला असता. मी थांबले.

तो निघाला. हातातल्या काठ्यांचे पट्टे त्याने मनगटातून काढले, पाठपिशवीचा कमरेचा बंद सोडला, लोटात ओढलं गेलं तर अडकायला नको म्हणून, सगळं शिकवल्याप्रमाणे. एक एक पाऊल असं सरकवत होता की जणू झोपलेल्या मुलाच्या खोलीतून चाललाय. आम्ही तिघे सोंडेच्या खडकाला पाठ लावून उभे होतो.

मला बाजूला चेन उघडल्याचा आवाज आला. बेआटने आपलं यंत्र बाहेर काढलं होतं आणि कळ फिरवली होती.

"काय करतोस?" सेराइना कुजबुजली.

"नुसतं बघतोय." त्याने यंत्र तुमाशच्या दिशेला धरलं, खाली केलं, पुन्हा धरलं. "आत्या," तो मला म्हणाला, "इथे दोनच दिसताहेत."

"दोन काय?"

"तुम्ही आणि सेराइना. काका दिसत नाहीत."

"लांब असेल तो."

"लांब कुठे? ते बघा ना, हाकेवर आहेत. इतक्या अंतरावर दिसायलाच हवं." त्याने यंत्र माझ्यापुढे धरलं. "त्यांचं यंत्र सांगत नाहीये."

मला गोठा आठवला, बार्लाचं हसणं आठवलं, चेन वर गेली तो आवाज आठवला. आणि मग ती हिमचिमणी आठवली. पक्षी नव्हताच तो. त्याचं यंत्र आमच्याच छातीवरची यंत्रं ऐकत होतं आणि टिकटिकत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. साऱ्या गावाला तपासणारा माझा भाऊ, आणि इतक्या वर्षांत त्याला तपासायची कुणाची छाती झाली नव्हती.

सेराइनाने हाक मारायला तोंड उघडलं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"नको."

"आत्या, सोड. त्यांना सांगायला हवं," ती हाताखालून पुटपुटली.

"काय सांगशील? त्याला ऐकू येणार नाही. मग तो थांबेल, कान देईल, काय काय म्हणत मागे वळेल. कुठे आहे बघ."

तो फुगवट्याच्या माथ्यावर पोचला होता. तिथे थांबणं म्हणजे पातळ जागी भार देऊन उभं राहणं. तिथे वळणं त्याहून वाईट, कारण वळताना स्की उचलून आपटावी लागते. पुढची सोंड आता मागच्या सोंडेहून जवळ होती. हाक मारली तर थांबेल आणि नाही मारली तर चालत राहील, एवढाच माझा हिशेब होता. तो बरोबर होता की चूक, हे देव जाणे. मी सेराइनाच्या तोंडावरचा हात काढला नाही. तिचे दात माझ्या हातमोज्यात रुतले होते.

तो आणखी थोडा पुढे गेला. मला वाटलं, सुटला.

धुप्प.

आवाज मोठा नव्हता. जड पोतं तळघरात पडावं तसा आला आणि आमच्या पायाखालचा खडकही मला हलल्यासारखा वाटला. तुमाशच्या वरच्या अंगाला एक रेघ उमटली आणि बघता बघता या सोंडेपासून त्या सोंडेपर्यंत धावली. त्याने आमच्याकडे वळून पाहिलं. फक्त एकदा. मग सगळी लादी तुकडे तुकडे होऊन खाली निघाली आणि तो तिच्यावर उभा असल्यासारखा जाऊ लागला. मोठ्या दगडापाशी त्याचा निळा कोट एकदा वर आला. नंतर नुसता पांढरा लोट.

लोट थांबला तेव्हा इतकी शांतता झाली की मला माझंच रक्त ऐकू येत होतं.

"दगडापाशी दिसला होता," मी म्हणाले. "तो दगड नजरेतून सोडू नका. सेराइना, फोन कर. हेलिकॉप्टर पाठवा म्हणावं. बेआट, चल."

त्याने सवयीने यंत्र पुढे धरलं होतं. मग स्वतःच ते कोटात कोंबलं. "उपयोग नाही," तो म्हणाला. "पिशवीतल्या सळया काढू, टोचून शोधू."

त्याने मघाशी पाहिलं नसतं तर आम्ही तिघांनी यंत्रं पुढे धरून तो सगळा ढिगारा पालथा घातला असता, आवाजाची वाट बघत, आणि आवाज आला नसता. गाडलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. हे मी तेव्हा विचारात घेतलं नाही. नंतर रोज घेतलं.

उतार रिकामा झाला होता. खाली गवत आणि खडक उघडे पडले होते. आम्ही त्यावरून घसरत, पडत गेलो. ढिगाऱ्याच्या पार तळाशी काहीतरी काळं दिसलं. सेराइना फोन खिशात टाकून आमच्या पुढे धावत सुटली. "हातमोजा आहे! बाबांचा हातमोजा आहे!" आम्हीही तिच्या मागे धावलो, दगडाच्या वळणावरून, ढेकळांवरून, तळापर्यंत. तिने मोज्याभोवती हातांनीच उकरायला सुरुवात केली होती.

मोजा हातात घेतला आणि मी भानावर आले. मोजा हलका. हलकी वस्तू वरच्या वर तरंगत शेवटपर्यंत जाते. तुमाश हलका नाही. दर रविवारी दोन वाडगे सूप पिणारा माणूस आहे. लोट जिथे वळतो, तिथे जड माल बाहेरच्या अंगाला टाकून पुढे जातो. नदी दगड टाकते तसाच.

"वर," मी म्हणाले. "दगडाच्या वळणावर, बाहेरच्या बाजूला."

"पण आत्या, मोजा इथे..."

"तो मोज्यात नाहीये, पोरी. चल वर."

धावताना माझी छाती फुटायला आली होती. वळणावर बर्फाचा ढीग माणूसभर उंच साचला होता. आम्ही तिघे हाताच्या अंतरावर उभे राहिलो आणि सळया खुपसू लागलो. सळई खडकावर आपटली की हाताला झिणझिण्या येतात. बर्फाच्या ढेकळावर आपटली की करकरते. पुन्हा काढायची, पुन्हा खुपसायची. मी मनात वडिलांना शिव्या घालत होते, त्यांच्या वाडग्याला, त्या खिंडीला. आमचे वडील अंथरुणात वारले, आमच्या घराण्यात ते पहिलेच, याचा आम्हाला केवढा अभिमान होता.

"इथे," बेआट म्हणाला.

"कसं लागलं?"

"कडक नाही. सळई परत ढकलतंय काहीतरी."

मी त्याच्या सळईला हात लावून दाबलं. भरलेल्या पिठाच्या पोत्यात बोट घालावं तसं लागलं. ती सळई तिथेच रोवून ठेवली आणि उताराच्या खालच्या अंगाने खणायला घेतलं. वरून खणलं तर आपलाच भार त्याच्या छातीवर पडतो. पुढे बेआट कापत होता, मागे आम्ही दोघी बर्फ ओढत होतो. थांबलेल्या लोटाचा बर्फ फरशीसारखा घट्ट होतो, फावडं त्यावर वाजतं. सेराइना सारखं एकच म्हणत होती, "बाबा, आलो. बाबा, आलो."

निळं कापड दिसलं. खांदा होता. बेआटने फावडं टाकून हातांनी मानेकडे उकरलं. तुमाशचा चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ काळेनिळे. मी त्याच्या तोंडात बोटं घालून बर्फाचा बोळा ओढून काढला. काही झालं नाही. मग त्याने एक श्वास घेतला, गंजलेलं दार उघडावं तसा. आणि मग दुसरा.

आम्ही त्याची छाती मोकळी करू लागलो, तसा तो आवाज आला. टिकटिकटिकटिक, एकात एक अडकलेला, जोरात. आम्ही तिघेही त्याच्या अंगावर वाकलेले होतो आणि बेआटचं यंत्रही केव्हाच पुन्हा सांगण्यावर गेलं होतं. तिघांची यंत्रं सांगत होती, मी इथे आहे, आणि त्याचं एकट्याचं ऐकत होतं. बेआटने त्याच्या कोटात हात घातला आणि कळ फिरवली. आवाज थांबला.

हेलिकॉप्टर आलं. तुमाशचं गळ्याजवळचं हाड आणि तीन बरगड्या मोडल्या होत्या, एवढ्यावर निभावलं. तो घरी आला तेव्हा बर्फ वितळून कौलांवरून ठिबकत होता. मी केक घेऊन गेले. हात गळ्यात बांधलेला, त्यामुळे त्याला कापता येत नव्हतं. मी कापून दिला. त्याने खाल्ला नाही.

"तू त्या दिवशी चिमणी म्हणालीस ना," तो म्हणाला.

"म्हणाले."

"मला नाहीच ऐकू आली. खोटंच म्हणालो उडाली म्हणून." तो खिडकीकडे बघत बोलत होता. "खाली ऐकू आली. खाली काहीच आवाज नसतो गं. हनुवटी छातीवर दाबली गेली होती. आधी काहीच नव्हतं. मग टिक, टिक. मला वाटलं, मेलो बहुतेक, आणि इथे पक्षी आहेत."

मी ताटली त्याच्या पुढ्यात सरकवली.

"मग ते वाढायला लागलं. तेव्हा कळलं, तुम्ही येताय. तुमची यंत्रं माझ्या छातीवर वाजताहेत. आणि तेव्हाच हेही कळलं, की माझी कळ कुठे आहे." त्याने बांधलेला हात सावरला. "वाढलं, वाढलं, अगदी डोक्यावर आलात. आणि मग कमी व्हायला लागलं. तुम्ही खाली निघून गेलात. मला तुम्ही जाताना ऐकू येत होतात, नेसा. तोंडात बर्फ होता. हाक कुठून मारणार?"

आमच्या आईच्या दफनाला माझा भाऊ रडला नव्हता. त्या दिवशी तो केकच्या ताटलीवर रडला आणि मी त्याच्या चांगल्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिले. मोज्यामागे धावलो तेव्हा आम्ही त्याच्यावरून गेलो होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. अजूनही कधी कधी जेवताना आठवतं आणि घास उतरत नाही.

लग्न ईस्टरनंतर झालं. खिंड न ओलांडता झालेला हा पहिलाच जावई, असं लोक कुजबुजले. तुमाशला ते ऐकू गेलं, त्याला नको ते बरोबर ऐकू जातं. तो म्हणाला, "त्याने मला आणलं ना वर? मग मापं सारखी झाली." आणि त्याने मांडवातच बेआटला वाडग्यातून वाइन पाजली. तरी बेआट त्याला काकाच म्हणायचा. जिभेला वळण पडलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात बर्फ चांगला बसला. धोक्याचा आकडा दोन होता आणि आम्ही चौघे पुन्हा बार्लाच्या गोठ्यापाशी उभे राहिलो. तुमाशने आम्हाला एकेक करून समोरून जाऊ दिलं. सेराइना गेली, मी गेले, बेआट गेला. मग तुमाशने कोटाची चेन पूर्ण उघडली, आम्हाला दिसेल अशी कळ फिरवली आणि बेआटकडे पाहिलं.

"चल," तो म्हणाला. "तपास."

बेआटने आपलं यंत्र ऐकण्यावर लावलं. आम्हा दोघींना लांब उभं केलं. तुमाश भिंतीपासून निघून त्याच्यासमोरून चालत गेला. टिकटिक झालं, मला स्पष्ट ऐकू आलं. बेआट मात्र मान खाली घालून यंत्राकडे बघत राहिला. लिफ्टपाशी तो असाच उभा राहत असणार.

"परत एकदा या, बाबा," तो म्हणाला.

बार्लाचं शेण ओढणं थांबलं. सेराइनाने माझा हात पकडला. मला वाटलं, आता भडका उडतो. तुमाशने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तो गोठ्याच्या भिंतीपर्यंत मागे गेला आणि पुन्हा चालत आला.